दुफण, दावं आणि अडीच घरं

बुद्धिबळाच्या प्राथमिक पुस्तकात प्रत्येक आकृतीखाली एक ओळ छापलेली असते, 'पांढऱ्याची चाल. पांढरा जिंकतो.' सगळा घात ही ओळ करते. पाऱ्याने पंचेचाळीस गाठलेल्या दुपारी, वडाच्या पारावर, कोणी येऊन कानात सांगत नाही की भाऊ, आता तुमची चाल आहे आणि तुम्ही जिंकता. पाच जण पाच वेगळ्या चाली सांगतात, अन् सहावा खर्रा घोटत नुसता 'हूं' करतो. माझी निम्मी प्यादी त्या 'हूं'वर मेली आहेत.

आधी पट. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरात. पट आडवा ठेवला की राजा-वजिराच्या जागा बदलतात आणि पुस्तकातली एकही आकृती जुळत नाही. एक उंट हमखास हरवलेला असतो. त्याच्या जागी शीशीचं झाकण येतं. ते तिरकं चालतं हे सात-आठ चाली सर्वांच्या लक्षात राहतं, पुढे ते हत्तीसारखं सरळ पळू लागतं. घरांची नावं डावीकडून ए ते एच आणि खालून १ ते ८. मोठ्याने 'ए' म्हणू नये. चौघं जण 'काय बे?' म्हणून वळतात.

आणि मग बुजुर्गांचे देशी नियम. प्यादं पहिल्यांदाही एकच घर सरकणार, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी माफ, आणि किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवून राजाला आडोशाला नेणं, ही लबाडी. यावर हसू नये. पंजाबचे खेळाडू मीर सुलतान खान देशी नियमांत तयार झाले आणि १९२९ साली विलायतेत जाऊन ब्रिटिश विजेतेपद घेऊन आले. पण पुस्तक फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांनी लिहिलेलं असतं, म्हणून डाव सुरू व्हायच्या आधी नियम ठरवून घ्यावेत. नंतर ठरवायला गेलं तर दोन घराणी बोलेनाशी होतात.

पहिला धडा दुहेरी हल्ल्याचा. आपल्याकडे याला दुफण म्हणावं. एका दांडीला दोन फण, दोन्ही एकाच वेळी जमिनीत. किंमती पाठ हव्यात: वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १. घोड्याची खूण सोपी आहे. तो काळ्या घरात उभा असला की मारा फक्त पांढऱ्या घरांवर, पांढऱ्यात असला की काळ्यांवर. म्हणून शत्रूचे दोन मोठे मोहरे एकाच रंगाच्या घरांत दिसले की घोड्याला जागा शोधायची. काळा राजा ई८ वर, हत्ती ए८ वर, दोन्ही पांढरी घरं. आपला घोडा डी५ वरून सी७ वर गेला की राजाला शह, आणि हत्ती गेला. आकृतीत फार देखणं दिसतं. फक्त आकृतीत काळा वजीर कुठेतरी लांब गावाला गेलेला असतो. पारावर तो डी८ वर घरीच असतो, सी७ त्याच्या माऱ्यात असतं, आणि घोडा काही परत येत नाही. दुफण टाकायच्या आधी त्या घरावर राखण कोणाची आहे ते बघावं, एवढी अक्कल यायला मला पाच-सहा घोडे लागतात.

दुसरा धडा दाव्याचा, म्हणजे मोहरा जखडण्याचा. यात दोन दावी आहेत आणि फरक जीवघेणा आहे. काळा घोडा सी६ वर, मागे ई८ वर राजा, मधलं डी७ रिकामं, आपला उंट बी५ वर. हा घोडा कायद्यानेच हलू शकत नाही, कारण राजा उघडा पडतो. पक्कं दावं. पण मागे राजाऐवजी वजीर असेल तर ते दावं कच्चं. घोडा हलू शकतो. फक्त वजीर जाईल, एवढंच. आणि वजीर जाऊ द्यायची तयारी असलेला गडी भेटला की मजा येते.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या लेगालच्या नावाने ओळखली जाणारी मात हीच आहे. आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं समजावं. ई४, ई५. घोडा एफ३, डी६. उंट सी४, उंट जी४, म्हणजे काळ्याने आपला पांढरा घोडा वजिरासमोर बांधला. घोडा सी३, आणि काळा जी६ अशी निवांत चाल करतो. आता बांधलेला घोडा दावं तोडून ई५ चं प्यादं खातो. काळा हरखून डी१ वरचा वजीर उचलतो. मग उंट एफ७ वर, शह, राजा ई७, घोडा डी५, मात. काळ्याने वजिराच्या मोहात न पडता डी६ च्या प्याद्याने घोडा मारला, तर आपला वजीर जी४ चा उंट घेतो आणि एक प्यादं आपल्या पदरात जास्त.

हे वाचून माणूस रात्रभर झोपत नाही. सकाळी तोच डाव मांडतो. पण पारावरच्या गड्याने जी६ ऐवजी घोडा सी६ वर आणून ठेवलेला असतो. पुस्तकात बारीक अक्षरात असतं ते हेच: तो घोडा ई५ वर मारतो, त्याच दमात जी४ च्या उंटाला जोर देतो आणि आपल्या सी४ च्या उंटावरही डोळा ठेवतो. मोहरा गेला, वर 'काय राजेहो, पुस्तक वाचून आले का?' हे ऐकावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला. तेव्हापासून आमच्याकडे सल्ला देणारे दुप्पट झाले, खेळणारे तेवढेच.

पुस्तक म्हणतं, प्रत्येक चालीआधी आपले आणि त्याचे, दोघांचेही तीन प्रश्न तपासा. शह कुठले, मार कुठले, धमकी कुठली, याच क्रमाने. उपाय रामबाण आहे. पण मी 'शह' मोजेपर्यंत कोणीतरी 'अबे, वजीर दाब न!' म्हणत माझा हात धरून चाल करून मोकळा होतो, आणि मोहऱ्याला हात लागला की चाल त्याचीच, हा नियम तेवढा सगळ्यांना पाठ असतो.

शेवटच्या रांगेची मात सर्वात लाजिरवाणी. किल्लेकोट करून राजा जी८ वर, पुढे एफ७, जी७, एच७ वर आपलीच तीन प्यादी, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणासारखी. हत्ती दुसरीकडे चरायला गेलेला. पांढरा हत्ती ई१ वरून सरळ ई८ वर येतो आणि राजा आपल्याच कुंपणात मरतो. उपाय एका चालीचा, वेळेवर एच६ करून राजाला खिडकी ठेवायची. तेवढं करून बघा, लगेच कोणीतरी म्हणतं, 'भेला का बे?' नाही केलं तर चार चालींनी तोच माणूस विचारतो, 'खिडकी काहून नाही ठेवली?'