पडवीतला यूरिझन

मुलीने मुंबईहून एक चित्र पाठवलं आणि मालवणच्या घरात मी ते पडवीत लावलं, एवढाच माझा गुन्हा. सूर्यगोलात गुडघा टेकलेला उघडा म्हातारा, वाऱ्याने एका बाजूला उडालेली पांढरी दाढी आणि खालच्या काळोखात रोखलेला डावा हात. हातात कर्कटक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जास्वंदीचा हार! शेजारची काकी म्हणाली, "देव असो बोडको बरो दिसता?"

मी शिक्षकी पेशाला जागून समजावलं. हा देव नव्हे, ब्लेक नावाच्या इंग्रज कवीने १७९४ साली काढलेला यूरिझन. त्या कवीने आपलं घरचंच पुराण रचलं होतं. त्यातला हा म्हणजे बुद्धी. स्वतःलाच देव समजणारी, सगळ्या जगाला मापात बसवणारी. पितळेच्या पुस्तकात कायदेसुद्धा लिहितो.

"मगे देवच मा!" काकी हार सरळ करत म्हणाली.

दारं दुरुस्त करायला आलेला सुतार कर्कटक बघून थेट पायाच पडला. विश्वकर्मा! माझं पुराण त्याने कानस घासत ऐकून घेतलं. "म्हणजे विश्वकर्म्याचो धाकटो भाव म्हणा."

कॉलेजातला पुतण्या हुशार. त्याने एका शब्दात निकाल लावला, "व्हिलन." आता उलट बाजूने समजावणं आलं. अरे, माणसाच्या आत हे चौघे. यूरिझन बुद्धी, लुवा भावना, थार्मस शरीर, अर्थोना कल्पना. चौघांचं बिनसलं, भाऊबंदकी झाली, म्हणून सगळा बिघाड. शेवटी हाच हट्ट सोडतो, पुन्हा तरुण होतो आणि नांगर धरतो. पुतण्या तोवर मोबाइलमध्ये गेला होता.

संध्याकाळी पलीकडच्या वाडीतले आबा आले. चष्मा पुसून बराच वेळ कर्कटकाकडे बघत राहिले.

"ह्यो मोजणीदार."

मी उठूनच बसलो. यूरिझन हे नाव हद्द घालणे या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडतात, हे मला पुस्तकं वाचून कळलं. आबांना हद्दीच्या दगडी गडग्यावरून कळलं होतं.

"ह्येनाच माझो गडगो तीन हात आत सरकवल्यान," आबा म्हणाले. मी घाईघाईने नांगराची गोष्ट सांगितली.

"नांगर धरल्यान, मगे फेरमोजणी कोण करतलो?"

आज सकाळी पाहतो तर ताजा हार, खाली नारळ, आणि नारळाखाली घडी घातलेला आबांचा मोजणीचा अर्ज.