खोका चासीला घट्ट आवळू नका

जुन्या युनिमॉगवर (मर्सिडीजचा खडतर वाटांसाठीचा ट्रक) लांबच्या प्रवासासाठी घर बांधण्याचं तुमच्या लेखात छान वर्णन आहे. पलंग, ओटा, सोलर, सगळं आलंय. पण घराचा खोका आणि चासी (ट्रकचा खालचा सांगाडा) यांच्या मधल्या सबफ्रेमला, म्हणजे जोडचौकटीला, एकच ओळ मिळाली, याचं फार वाईट वाटलं. खरं काम तिथेच आहे हो!

युनिमॉगची चासी मुद्दाम पिळली जाईल अशीच बनवलेली असते, म्हणून तर खडकाळ वाटेवर चारही चाकं जमीन धरून राहतात. वरचा फायबर-फोमचा खोका मात्र ताठ. तो सरळ यू-बोल्टने आवळला तर तो पीळ जाणार कुठे? इथे जर्मनीत एका मित्राच्या गाडीवर मी दोन वर्षं शनिवारी राबलोय. पहिल्यांदा एक चाक दगडावर चढवलं आणि मागचं दार उघडेचना. खिडकीच्या कोपऱ्यात सिलिकॉन नखाएवढं फाटलेलं. मग सबफ्रेम नव्याने केली: पुढे मधोमध एक फिरता आधार, मागे दोन. तिवईसारखं. तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. आता केबिन एकीकडे कलली तरी दार अलगद उघडतं.

आणि वजन! ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, ४०० लिटर डिझेल म्हणजे आणखी सव्वातीनशेच्या वर. इथे सी१ लायसन्सवर ७.५ टनांपर्यंतच चालवता येतं. फर्निचरला हात लावण्याआधी गाडी काट्यावर न्या, दोन्ही ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्या.

पुढच्या भागात सबफ्रेमचे खालून काढलेले फोटो नक्की टाका.