आजाराआधीचं ताट आणि आजारातलं ताट

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला जाल तेव्हा एवढी कृपा करा, त्याच्या खाण्यावर बोलू नका. साखर सोड, दूध सोड, आठवडाभर नुसत्या रसावर राहा, अमुक पावडर चालू कर, यातलं काहीच नको. माझ्या मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली आणि ते सगळे महिने मी तिच्यासोबत होते. दुखणं तिने सोसलं. पण घास हातात धरून "हे चालेल ना गं मला?" असं विचारणारी मावशी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. ही धास्ती तिला सल्ले देणाऱ्या माणसांनी लावली होती.

आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो, हे माझं म्हणणं. कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं हा एक प्रश्न. झाल्यावर, उपचार चालू असताना काय खावं हा दुसरा. कित्येकदा या दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट असतात. निरोगी माणसाने वजन आटोक्यात ठेवायचं असतं, तर किमो घेणाऱ्या अनेकांना ते घसरू न देण्यासाठी झगडावं लागतं. निरोगी माणसाने कोशिंबिरी, सालासकट फळं, कडधान्यं भरपूर खावीत. आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्याला डॉक्टर तोच चोथा काही आठवडे कमी करायला सांगतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या माणसाच्या ताटात वाढलं की तो उपाशी राहतो.

आधी पहिल्याचं बोलू. खाण्याच्या आधी तंबाखूचं नाव घ्यायलाच हवं, कारण टाळता येण्यासारख्या कारणांत ती सगळ्यात वर आहे. ओढा नाहीतर चघळा, सुटका नाही. मग दारू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला १९८८ मध्येच कॅन्सरकारक ठरवलं आहे. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएची मोडतोड करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन, इतक्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का आहे. थोडी घेतली तर चालते म्हणणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. वाढलेल्या वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे, हे २०१६ पासून नोंदलेलं आहे. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका निवडत बसू नका, सरळ टाकून द्या. त्यातलं ॲफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतं आणि भाजून-शिजवून ते पुरतं जात नाही. हिपॅटायटिस बी (यकृताच्या कॅन्सरसाठी) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी) या दोन लसी तर थेट कॅन्सर टाळणाऱ्या लसी आहेत. "कॅन्सर टाळणारी दहा फळं" असल्या मेसेजमध्ये त्यांचं नाव मला अजून दिसलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घबराट तिथे पसरते. सॉसेज, बेकन, सलामी हे सगळं त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये तंबाखूच्याच गटात टाकलं आणि "सॉसेज म्हणजे सिगारेट" अशा बातम्या आल्या. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. समजा एखाद्या ठिकाणी शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होतो, तर सगळे रोज तेवढं मांस खाऊ लागल्यावर तो सहा जणांना होईल. कमी करावं इतकं कारण नक्की आहे. पण कधीतरी एखादं सॉसेज खाल्लेल्या माणसाने रात्रभर तळमळत पडावं असं त्यात काही नाही.

आणि हे सगळं नीट पाळणाऱ्यांनाही कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. याचा अर्थ निदान निम्मे आपल्या हातातले नाहीत. पेशी विभागताना आपोआप चुका होतात, वय वाढतं तशा त्या साठत जातात, काहींना सदोष जनुक जन्मतःच मिळालेलं असतं. मावशीने कधी तंबाखूला हात लावला नाही, दारूला नाही, मांस खाल्लं नाही. तरी "तुझं खाण्यापिण्याकडे लक्षच नव्हतं" हे तिला तोंडावर ऐकावं लागलं. पेशंटला असं बोलणं हा क्रूरपणा आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आता दुसरा प्रश्न. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे साखर कॅन्सरला पोसते. याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या शोधात आहे. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात. शरीरातल्या गाठी शोधणारा पेट स्कॅन याच गुणावर चालतो. पण त्यावरून साखर तोडली की गाठ उपाशी मरेल हा निष्कर्ष निघत नाही. खाण्यातून ग्लुकोज मिळालं नाही तर यकृत ते तयार करतं आणि त्यासाठी स्नायूंमधलं प्रथिन खर्ची पडतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, पेशंट मात्र खंगतो. गोड कमी खाणं चांगलंच, डायबेटिस असेल तर सांभाळायलाही हवं. पण ज्याला दोन दिवसांत नुसती खीर गोड लागली त्याच्या हातातून ती वाटी काढून घेऊ नका.

खंगणं म्हणजे काय हे मी मावशीच्या मनगटावर पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात बसूनही घड्याळ कोपराकडे घसरायचं, म्हणून काकांनी सुई तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडलं. वजन फार उतरलं की किमोचा डोस कमी करावा लागतो, कधी पुढे ढकलावा लागतो. म्हणून आहारतज्ज्ञ प्रथिनांच्या इतक्या मागे लागतात. उपचारात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिन जायला हवं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाच्या आसपास मिळतं, पेलाभर दुधात सात-आठ. तोंडात फोड आलेल्या माणसाला एवढं खाऊ घालणं किती कठीण आहे, याचा अंदाज नुसत्या रसावर राहायला सांगणाऱ्यांना नसतो.

आमच्याकडे मोठं ताट बंद झालं. दर दोन तासांनी लहान वाटी. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव यायची, म्हणून प्लास्टिकचा चमचा. मऊ, ओलसर, कमी तिखट, आंबट अजिबात नाही. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा. मळमळीची गोळी सांगितलेल्या वेळेला, उलटी व्हायची वाट न बघता. तोंड आलं की बर्फ चघळायला द्या, थंड पदार्थांना वास कमी येतो म्हणून ते द्या, असं कुठेही वाचायला मिळतं आणि ते बऱ्याच पेशंटच्या बाबतीत खरंही आहे. मावशीला मात्र ऑक्झालिप्लॅटिन चालू होतं. त्या औषधानंतर काही दिवस गार वस्तू सोसत नाही. फ्रीजचं दार धरलं तरी बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं आणि गार पाण्याच्या एका घोटाने घसा आवळून यायचा. तिला सगळं कोमट लागायचं. अशात कुणीतरी प्रेमाने गारेगार रस घेऊन आलं होतं. कोणतं औषध चालू आहे हे माहीत नसताना दिलेला चांगला सल्लासुद्धा असा उलटतो. हार्मोनच्या गोळ्यांवर असलेल्या कुणाला कदाचित वाढत्या वजनाची काळजी करावी लागत असेल, तिथे आमचं काहीच लागू पडणार नाही.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या की कच्चं अंडं, न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं बंद. आणि घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला की मनाने गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन करायचा.

पावडरी आणि कॅप्सूल यांच्यावर माझा राग आहे आणि तो तसाच राहणार. फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर कमी दिसतो, मग त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून देऊन पाहू, असं म्हणून फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हे त्यानंतर तरी कुणी म्हणू नये. काही अर्क औषधांचं शरीरातलं प्रमाणही बदलतात. काहीही घ्यायचं असेल तर ती बाटली आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. उपचार सोडून फक्त पर्यायी मार्गाने गेलेल्यांचा अमेरिकेतला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. उपचाराने बरे होण्यासारखे आजार होते ते, म्हणूनच जीव तुटतो.

ज्याच्या पाठी लागावं असं एक मात्र खरंच सापडलं आहे आणि ते कुठल्या बाटलीत मिळत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ जणांवरचा अभ्यास जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, अर्ध्यांना तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के होतं, व्यायामाच्या गटात ८०.३. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे झपझप चालणं. किमोतल्या थकव्यावरही थोडी हालचाल कामी येते, नुसतं पडून राहिलं की थकवा उलट वाढतो. डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. प्लेटलेट फार कमी असतील किंवा हाडांत आजार असेल तर ते वेगळं सांगतील. मावशीने खोलीपासून जिन्यापर्यंत चालण्यापासून सुरुवात केली. किमोनंतरचे चार-पाच दिवस तेवढंही व्हायचं नाही, तेव्हा सक्ती नसायची. पाचव्या-सहाव्या दिवशी तीच चपला मागायची आणि मी किंवा काका सोबत निघायचो.