तेहतीस इंचांचा पाहुणचार

बायकोच्या मामांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परळला करायचं ठरलं आणि आमच्या घरी पहिली चर्चा झाली ती मामांच्या पाठीची. कणकवलीहून येणार, पंधरा दिवस राहणार, झोपणार कशावर?

‘दिवाण आहे की,’ मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

हा दिवाण माझ्या आजोबांचा. गिरगावातल्या खोलीत दार आणि मोरी यांच्यामध्ये जेवढी जागा उरत होती, तेवढ्या मापाचा त्यांनी सुतार बसवून करून घेतलेला. आजोबा गेले, चाळ गेली, दिवाण सागवानी म्हणून राहिला आणि आमच्या लालबागच्या चौथ्या मजल्यावर खिडकीखाली येऊन बसला. त्यावरच्या गादीत कापूस कमी आणि गाठी जास्त. पूर्वी धनुकली टणटणवत पिंजारी यायचा आणि गच्चीत कापूस पिंजून गादी फुगवून द्यायचा. आज धनुकली खांद्याला लावून कोणी गेटवर आला, तर आमचा वॉचमन आधी सेक्रेटरींना फोन लावेल.

तेव्हा नवी गादी. दुकानात शिरलो आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा.

‘बेस कसला आहे, साहेब?’

‘साधाच. चार पाय आहेत.’

‘ते झालं. वर प्लाय आहे की पट्ट्या?’

लहानपणापासून त्या दिवाणावर बसतोय, पण त्याच्या अंतरंगात कधी डोकावलो नव्हतो. घरी फोन लावला. पलीकडून गादी उचलल्याचा आणि कण्हल्याचा आवाज आला. ‘पट्ट्या आहेत. सात. आणि गॅसचं पुस्तक सापडलं.’

‘दोन पट्ट्यांमध्ये अंतर किती?’

‘वीतभर. माझा अख्खा हात जातोय.’

हे ऐकून दुकानदारानं रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला. वीतभर फट म्हणजे फोम त्यात बसणार आणि सकाळी मामांच्या पाठीवर सात पट्ट्यांचा हिशेब उमटणार. काथ्याच्या गादीला खाली सपाट फळीच लागते, नाहीतर ती मधेच मोडल्यासारखी होते. स्प्रिंगवाली घेतली तर स्प्रिंगा फटीत पाय सोडून बसतात. शिवाय वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात बेसची अटही असते. आजवर मी समजत होतो, की गादी माणसासाठी असते. ती दिवाणासाठी असते. स्थळ बघावं तसं आहे हे; मुलाला काय आवडतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

मग निघाला मापाचा विषय. लांबी बहात्तर इंच, हे ठीक. रुंदी तेहतीस.

‘तेहतीस येत नाही. तीस नाहीतर छत्तीस.’

तीस घेतली तर तीन इंचांची घळ राहणार. तिच्यात मामांचा चष्मा, ड्रॉप्सची बाटली आणि कवळी असा सगळा संसार जाणार. छत्तीस घेतली तर तीन इंच गादी हवेत, आणि कडेवर बसून चहा पिणारे मामा कपासकट खाली. पत्रिका अडते ती अशी. शेवटी फोम मापानं कापून मिळतो असं कळलं. स्प्रिंगेत ती सोय नाही. पण कापलेला माल परत घेत नाहीत. म्हणजे आता पडून बघणं आलं.

काचेच्या दुकानात, भर रस्त्यासमोर, बूट काढून उताणं पडणं ही काही सोपी गोष्ट नाही. डोक्याशी दुकानदार उभा, पायाशी बायको. ‘कसं वाटतंय?’ असं दोघांनी एकदम विचारलं की काहीच वाटत नाही. तेवढ्यात आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ बाहेरून जाताना थांबले, मला बघून त्यांनी हात केला. मीही पडल्या पडल्या केला. काय करणार?

एक गादी दाबली की पंजाचा ठसा जपून ठेवत होती. मेमरी फोम. हा 1966 साली अमेरिकेच्या नासासाठी विमानातल्या आसनांच्या कामी शोधला गेला. उबेनं मऊ होतो आणि अंगाचा आकार धरतो. बायको म्हणाली, ‘अहो, मे महिन्यात, एसीशिवाय, मामांना चिकटून बसणारी वस्तू नको.’ नासाचा विषय तिथंच संपला.

घेतली ती चाळीस घनतेच्या साध्या फोमची, सहा इंच जाड. चाळीस घनता म्हणजे घनमीटरला चाळीस किलो. त्या हिशेबानं आमची गादी साधारण सव्वानऊ किलो भरते. हा हिशेब मी रात्री जागून केला, कोणी विचारलं नसताना.

राहिला पट्ट्यांवर टाकायचा प्लाय. बारा मिलिमीटरचा हवा आणि त्याला भोकं हवीत, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. पण प्लाय मिळतो आठ बाय चार फुटांचा, अख्खा. कापून घेतला, म्हणून लिफ्टमध्ये तरी शिरला. उरलेले दोन तुकडे दारामागे उभे आहेत. ‘लागतील कधीतरी,’ असं मी म्हटलं आणि वडिलांचा आवाज ऐकल्यासारखा दचकलो.

सगळं एकमेकांवर रचल्यावर लक्षात आलं, की अठरा इंचांचा दिवाण, अर्धा इंच प्लाय आणि सहा इंच गादी मिळून उंची साडेचोवीस झाली. मामा पाच फुटांच्या आतबाहेर.

मामा तुतारी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरले. घरी आल्यावर दिवाणाकडे बघून म्हणाले, ‘गो, माका खंय माळ्यार चढवतस?’ देवघरापुढचा पाट आणून पायरी केली. मामा चढले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. कोपर बरोब्बर खिडकीच्या कट्ट्यावर टेकलं. समोर करी रोडकडून येणारी लोकल.

ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, पंधराचे वीस दिवस झाले. मामा उजव्या डोळ्यानं फास्ट आणि स्लो मोजत तिथंच बसलेले. शेवटी न राहवून मी विचारलं, ‘मामा, गादी कशी वाटली?’

‘गादी? खयची गादी?’ मामा खिडकीबाहेरची नजर न काढता म्हणाले. ‘बाजूक हो जरा. कल्याण येता हा.’