सैफचा आवाज आणि आमचा कूलर

मे महिन्यात अमळनेरात दुपारी बारानंतर शहाणा माणूस उंबरा ओलांडत नाही. पोरं मात्र नेमकी तेव्हाच घरात मावत नाहीत. आमची दोन, त्यात सुट्टीला आलेली बहिणीची दोन, बाहेर पारा 44 वर. शेवटी मीच म्हणालो, चला, कार्टूनचा पिक्चर लावू.

लावला 'रोडसाइड रोमिओ'. 2008 चा. श्रीमंताघरचा लाडावलेला कुत्रा मुंबईच्या रस्त्यावर येतो, त्याची गंमत. त्याला आवाज सैफ अली खानचा, त्याच्या लैलाला करीना कपूरचा. ही नावं वाचून भुललो तो मी. पोरांचा त्यात काही दोष नाही.

"ऐका, हा सैफ!"

"कोण सैफ?" धाकटी.

"अगं, करीनाचा नवरा."

"कोण करीना?"

पुढे राज कपूरपर्यंत जावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

आता आमचा कूलर. लोखंडी, कपाटाएवढा. चालू केला की दारात ट्रॅक्टर आल्यासारखं वाटतं. मी टीव्हीचा आवाज वाढवत नेला. सैफ 60 वर पोहोचला, तरी जिंकला कूलरच. अर्धा तास आम्ही मूकपट पाहिला. मोठमोठ्या नटांनी जीव ओतून म्हटलेले संवाद गवताच्या जाळीतून गार होऊन उडून गेले, आणि पोरं? लोळून लोळून हसत होती. कुत्रं आपटलं की हशा, कुत्रं पळालं की हशा.

मग टाकीतलं पाणी संपलं. कूलर बंद करून मी बादल्या ओतायला लागलो, आणि घरात पहिल्यांदा सैफ नीट ऐकू आला. हशा थांबला. प्रश्न सुरू झाले. मालकाने त्याला सोडलंच का? तो लैलाच्या मागे का लागलाय, चावणार आहे का? लसूण सोलत बसलेल्या मायनेही तोंड घातलं, "हाई कुत्रं इतलं काब्र बोलस रे? आपला मोत्या बरा."

एक मात्र कबूल करतो. डॉन झालेल्या चार्ली अण्णाचा आवाज जावेद जाफरीचा आहे, आणि तो बोलतो तेव्हा जावेद जाफरी आठवतच नाही, समोर अण्णाच असतो. सैफ बोलला की मला सैफच दिसतो, तोही एसीत बसलेला. अशा वेळी माणसाच्या हातात बादली असेल तर ते जास्तच लागतं.

तेव्हा मुलांबरोबर बघावा का? बघा. नटांची नावं वाचून लावू नका, एवढंच. आणि टाकी आधी भरून ठेवा.

सहावी बादली ओतत होतो. पडद्यावर प्रेमाचं काहीतरी लांबलचक चाललं होतं. धाकटी घामाने निथळत माझ्याकडे वळली.

"पप्पा, कूलर लावा ना लवकर. हे लोक बोलायचे थांबतच नाहीत."