माहीमचा निकाल विसरलास का, मामा?

'पाठिंब्याचं गणित' नावाचा एक मजकूर सध्या फिरतोय. मामानं तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'जरा विचार करा' अशी सूचनाही दिली. केला विचार. मजकूर म्हणतो: मोठ्या नेत्यानं पाठिंबा दिला की त्याची सगळी मतं तिकडे वळतात, गर्दीवरून ते आधीच कळतं, आणि उपकार पुढच्या निवडणुकीत फिटतातच, म्हणून पाठिंबा देणारा वाढतो.

गर्दीचं आधी संपवू. २०१९च्या लोकसभेला मनसेचे राज ठाकरे उमेदवार न देता मोदींविरुद्ध सभा घेत फिरले. 'लाव रे तो व्हिडिओ'ला मैदानं भरली. तरी भाजप-शिवसेना युतीला राज्यात ४८पैकी ४१ जागा!

मतं वळण्याचं म्हणाल, तर २०२४च्या पाडव्याला शिवाजी पार्कवर राज यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. मुंबईत महायुतीला सहापैकी दोन जागा, त्यातली एक ४८ मतांनी. शिवाजी पार्क ज्या दक्षिण मध्य मुंबईत येतं, तिथेच महायुतीचे राहुल शेवाळे पडले. हां, मनसेचा उमेदवार नसला की मतं फुटत नाहीत, एवढं खरं. २००९ला फुटली तेव्हा युतीच्या हातून मुंबईतल्या सहाच्या सहा जागा गेल्या. पण फूट टळली म्हणजे मतदार आपला झाला असं नव्हे.

आणि उपकार फिटतात? कमाल आहे. पाडव्याला पाठिंबा, नोव्हेंबरात विधानसभा. माहीममधून राज यांचे चिरंजीव अमित ठाकरे पहिल्यांदाच उभे. भाजपची इच्छा होती त्यांना मदत करायची, पण शिंदेसेनेचे सदा सरवणकर अर्ज मागे घेईनात. का घेतील? पाठिंबा मोदींना होता. आमदारकी, शाखा, कार्यकर्ते सरवणकरांचे. अमित तिसरे आले, जिंकले उद्धव ठाकरेंच्या सेनेचे महेश सावंत. शिवडीत महायुतीनं उमेदवार दिला नाही, म्हणजे तिथे परतफेड झालीसुद्धा. तरी मनसेचे बाळा नांदगावकर पडले. राज्यात मनसेचा एकही आमदार नाही. मे महिन्यात 'त्यांना द्या' म्हटल्यावर नोव्हेंबरात 'आता आम्हाला' हे मतदाराला पटवणार कसं, यावर मजकुरात एक अक्षर नाही.

शेवटी 'इतिहास साक्षी आहे' म्हणे. कुठला? शिवसेनेनं आणीबाणीला पाठिंबा दिला, १९७८च्या विधानसभेत तिला भोपळा मिळाला. १९८५ला मुंबई महापालिका जिंकली ती स्वतःचे उमेदवार उभे करून.