‘टॅक’ला सगळीकडे ‘गाल्स’ का चालत नाही

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की त्या सागरी कथेच्या रशियन अनुवादात ‘टॅक’ या एकाच इंग्रजी शब्दासाठी मी चार वेगवेगळे शब्द वापरले. शब्दकोशात ‘गाल्स’ आहे, तोच शेवटपर्यंत ठेवायचा. आणि ‘ओवेरश्ताग’ तर सामान्य रशियन वाचकालाही अडेल.

‘टॅक’ म्हणजे मुळात बांधून धरणारी गोष्ट. कपड्याच्या कच्च्या टाक्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. जहाजावर शिडाचा खालचा, वाऱ्याकडचा कोपरा ज्या दोराने आवळतात तो टॅक. तो कोणत्या बाजूला आवळलाय यावरून वारा कुठल्या बाजूने लागतोय हे सांगायची रीत पडली. इथपर्यंत रशियन भाषा सोबत करते. ‘गाल्स’ हा डच ‘हाल्स’वरून, म्हणजे ‘मान’वरून आलेला शब्द, तो दोरही आणि वाऱ्याची बाजूही. प्योत्र पहिला १६९७ मध्ये हॉलंडला जाऊन जहाजबांधणी शिकला, आणि त्याच्या काळात असे कितीतरी डच शब्द रशियन नौदलात रुळले.

अडचण क्रियापदात आहे. इंग्रजीत जहाज ‘टॅक’ करतं तेव्हा त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे जाते. रशियनमध्ये हे वळण म्हणजे ‘ओवेरश्ताग’. मागचं टोक वाऱ्यातून नेऊनही गाल्स बदलता येतो, पण तो ‘फोर्देविंद’. त्या वळणात चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याबरोबर बरंच खाली घसरतं. आता कथेतला प्रसंग आठवा: वारा जहाजाला खडकांकडे रेटतोय आणि खाली घसरायला जागाच नाही. तिथे नुसतं ‘गाल्स बदलला’ लिहिलं तर कप्तानाने कोणता धोका पत्करला हेच वाचकाला कळत नाही. माझ्या मते तो प्रसंग या एका शब्दावर उभा आहे, म्हणून ‘ओवेरश्ताग’ मी सोडणार नाही.

तीन दिवस समोरच्या वाऱ्यात नागमोडी जात राहिले, त्या वाक्याला ‘लाविरोवात्’ हवंच. एकदाच वळल्याचं क्रियापद तिथे खोटं ठरलं असतं.

खलाशांच्या कडक बिस्किटाचं ‘हार्डटॅक’ मी ‘गालेता’ केलं. दोरापासून ताटापर्यंत तोच शब्द घुमत राहतो हे इंग्रजीतलं सुख त्यात गेलं. ही हानी तुम्ही नेमकी पकडलीत. मला त्यावर उपाय सापडलेला नाही, आणि त्याची हळहळ आहे.

‘ओवेरश्ताग’बद्दल मात्र तुमचं अर्धं म्हणणं मला पटलं. निवेदकाच्या वाक्यांत तो शब्द तीनदा आलाय, आणि निवेदक काही खलाशी नाही. तिथे ‘जहाजाने वाऱ्याला छेदून तोंड फिरवलं’ अशा अर्थाचं साधं रशियन घालते. कप्तानाच्या हुकमात तो शब्द तसाच राहील.